कलेक्टरची वाट

लोक आजार घेऊन येतात आणि किस्सा ठेवून जातात! पंजाबात पशुवैद्यकी शिकून मी मानोऱ्याला दवाखाना टाकला, तो क्रांती करायला. क्रांतीचं ठाऊक नाही, किस्से मात्र साठले. त्यातले निम्मे एकट्या कलेक्टरचे.

कलेक्टर म्हणजे नामदेवकाकांचा लॅब्रॅडॉर. काका भाजीपाला पिकवतात. "पोरगं काही कलेक्टर झालं नाही, मंग कुत्र्याचं नाव ठेवलं!"

पहिल्यांदा आले ते तक्रार घेऊन. "पोरी, हा दिवसा बरा राह्यते, दिवस बुडला की भिंतीवर आपटते. दारू तर पीत नाही!"

मी कलेक्टरचे डोळे तपासले. "काका, डोळ्याच्या आतला पडदा झिजतोय. हळूहळू नजर जाणार."

"पडदा ना? मंग नवा टाक!"

याला औषध नाही, हे सांगताना माझेच डोळे भरून आले. काका म्हणाले, "तू काहून रडून राह्यली? त्याले अजून मालूम नाही."

पुढच्या खेपेला काकूही आल्या. मी समजावलं, आजार आनुवंशिक आहे, आईबापाकडून येतो. काकू काकांकडे वळल्या. "पाह्यलं? मी म्हणतच होती, सारे रोग बापाकडूनच येतेत!"

मग वाशीमचा एकजण आपली कुत्री घेऊन काकांकडे आला. त्याला कलेक्टरची पिल्लं हवी होती.

"जमत नाही," काका म्हणाले.

"काहून? एवढा देखणा गडी!"

"त्याची नजर गेली थे गेली. पिल्लायची कायले घालवू?"

त्याच आठवड्यात ते कलेक्टरला नसबंदीला घेऊन आले. नसबंदी पटवायला मी तयार केलेलं भाषण वाया गेलं!

घरातल्या वस्तू हलवू नका, त्याला जागा पाठ असतात, असं मी सांगितलं होतं. काकांनी त्याचा कायदाच केला. काकूंनी बाज हातभर सरकवली, तर घर डोक्यावर घेतलं!

यंदा त्यांच्या मुलीचं लग्न झालं. तोवर कलेक्टर पुरता आंधळा झालेला. अंगणात मांडव, पण दारापासून पाण्याच्या टाक्यापर्यंत मधोमध पट्टा मोकळा. खांब नाही, खुर्ची नाही. पाहुणे दोन्हीकडे दाटीवाटीने बसलेले.

नवरदेवाच्या वडिलांनी विचारलं, "इथं कोणाले बसू काहून नाही देऊन राह्यले?"

काका घाईत होते. "कलेक्टरची वाट हाय ना!"

बातमी मांडवभर पसरली. सरपंचांनी शर्ट खोचला. नवरदेवाच्या वडिलांनी हार मागवला. दार उघडलं, बँड सुरू झाला, अख्खा मांडव उभा राहिला. आणि मधल्या वाटेने, कशालाही न धडकता, शेपूट हलवत कलेक्टर आले!

नवरदेवाच्या वडिलांनी काकांकडे पाहिलं, कलेक्टरकडे पाहिलं. मग खाली वाकले आणि हार त्याच्याच गळ्यात घातला.