सर्व मुले वाचतात

मुक्ताच्या आजाइतका संशयी माणूस उभ्या कळमनुरी तालुक्यात झाला नाही आणि होणारही नाही. ते मेंढरंवाले, दिवाळीनंतर कळप घेऊन महिनोन्‌महिने बाहेर फिरणारे. समोरच्या एसटीवर हिंगोलीची पाटी असो, कंडक्टर घसा फोडून हिंगोली हिंगोली ओरडत असो, हे आत चढून आधी दोन बायांना विचारणार, "तुमी कुठं चालल्या?" त्याही हिंगोली म्हणाल्या तरच बूड टेकणार. परभणीतून आमचा जिल्हा वेगळा झाला तेव्हा गावात पेढे वाटले गेले. पेढा तोंडात ठेवून आजा म्हणाले, "साहेब जवळ आले म्हंता. येतील का पर?" स्वतःला अक्षर येत नसल्यामुळे कागदावर तर त्यांचा विशेष संशय. कुठलाही कागद ते शाळामास्तर असलेला मी, किराणा दुकानदार आणि पोस्टमन अशा तिघांकडून वेगवेगळा वाचून घेत. तिघांचं जुळलं तर अंगठा, नाहीतर नाही. तोवर कागद त्यांना तोंडपाठ झालेला असे. एकदा मी वैतागून विचारलं, "बाबा, माझ्यावर विश्वास नाही का?" तर म्हणाले, "हाय की. म्हणून तर पयले तुमच्याकडं आलो."

नवा जिल्हा झाल्यावर वरून आदेश आला, की शाळेची प्रगती पालकांना कळली पाहिजे. दर्शनी भिंतीवर फलक लावा, पालकसभा घ्या. चौथीपर्यंतच्या शाळेत मी एकटाच शिक्षक. मी फलकावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'सर्व मुले वाचतात.' सगळे असंच लिहीत होते. निम्मी मुलं धडे पाठ म्हणतात हे मला ठाऊक नव्हतं, असं मी म्हणणार नाही. सभेला केंद्रप्रमुख आले, गाव जमलं. चौथीतल्या मुक्तानं चिमणीचा धडा घडाघडा वाचला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर आजा उठले आणि खिशातून मेंढरांच्या औषधाच्या खोक्यातला मराठी कागद काढून त्यांनी नातीच्या हातात दिला. "हे वाच."

मुक्तानं कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घाबरून पुन्हा चिमणीचाच धडा सुरू केला. आजांनी दोन वाक्यं ऐकून घेतली. मग शांतपणे मला म्हणाले, "गुर्जी, मेंढराच्या दवाईत चिमणी कुठून आली?"

केंद्रप्रमुख हसून म्हणाले, "बाबा, लेकरू भ्यालंय." आजा हसले नाहीत. "हिला मी मेंढरामागं नेली न्हाई, ते काहून? घरात एकाला तरी अक्षर यावं म्हणून. येत नसंल तर दिवाळीनंतर संगं नेतो. तिकडं कामाला तरी येईल."

मला त्यांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. मुक्ता खाली मान घालून उभी होती. मी फलक पुसला आणि सगळ्यांदेखत लिहिलं, 'वाचणारी मुले सात.' केंद्रप्रमुखांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. मी म्हणालो, "बाबा, दिवाळीपर्यंत थांबा." ते म्हणाले, "थांबतो. पर पाहून राहीन."

आणि खरोखरच पाहत राहिले. दर शनिवारी शाळा सुटताना ते नवा कागद घेऊन दारात हजर. कधी बियाण्याची पिशवी, कधी निवडणुकीचं पत्रक. शिकवता शिकवता माझा घसा बसला, पण शनिवार काही चुकला नाही. दिवाळीच्या तोंडावर मुक्तानं कुरुंदा गावच्या कुणाची तरी लग्नपत्रिका अडखळत का होईना, शेवटपर्यंत वाचली. जोडाक्षरापाशी थांबायची, ओठ हलवायची आणि पुढे जायची. आजा डोळे मिटून ऐकत होते. "आणखी एक डाव वाच," म्हणाले. तिनं वाचली. त्यांनी पत्रिकेची घडी करून ती खिशात घातली. मग म्हणाले, "बराबर हाय. पर पुढल्या डावाला दुसरी आणतो. ही पाठ झाली असंल."

दिवाळीनंतर ते मेंढरं घेऊन गेले. मुक्ता शाळेत राहिली.

पुढे माझी बदली झाली. नव्या गावचे पालक फार सज्जन. सभेला येत, फलकाकडे पाहून माना डोलावत, चहा पिऊन घरी जात. मी आता खरं तेच लिहीत होतो, पण ते खरं आहे का, हे कुणी विचारत नव्हतं. आजांची फार आठवण यायची. या नव्या गावाचा माझ्यावर इतका विश्वास होता, की मला माझीच भीती वाटायची.