काजं करणारी आक्का

आक्काला धाकट्या भावाच्या टेलरिंगच्या दुकानात काजं करायला लागून सत्तावीस वर्षं झाली होती. नवरा गेला तेव्हा भावाने तिला घरी आणलं, सांभाळलं, कधी वावगा शब्द काढला नाही. भला माणूस. फक्त एक व्हायचं. ती जरा पाय पसरून बसली की हा म्हणायचा, "आक्का, एवढा कोट आजच द्यायचाय गं," आणि आक्का पुन्हा सुई ओवायची. नाही म्हणायची सोयच नव्हती. ज्याच्या छपराखाली राहायचं त्याला नाही कुठल्या तोंडाने म्हणणार? खाल्ल्या घरचे वासे मोजणाऱ्यांतली ती नव्हती.

मग सरकारने प्रत्येक सज्ञान माणसाच्या नावावर दर महिन्याला ठरावीक पैसे टाकायला सुरुवात केली. काम करा नाहीतर लोळत पडा, पैसे येणारच. समोरचा न्हावी म्हणाला, "आता बघा, सगळं जग आळशी होणार." तो स्वतः रोज दुपारी गिऱ्हाइकाच्या खुर्चीत घोरत पडलेला असायचा, पण ते असो.

आक्का काही आळशी झाली नाही. तिने दोन गल्ल्या सोडून एक खोली भाड्याने घेतली.

भाऊ हातात कात्री धरून बघतच राहिला. "माझं काही चुकलं का?"

"नाही रे. एकदा माझ्या मनाने राहून बघते."

"आणि काजं?"

आक्काला ते लागलं. इतकी वर्षं आपण याची बहीण होतो की नुसते दोन हात, हा प्रश्न घेऊनच ती नव्या खोलीत गेली. आठ दिवस तिने मनसोक्त लोळून काढले. भर दुपारी झोपली, केस वाळवत तासन्‌तास उन्हात बसली. पण भाऊ काही फिरकला नाही, आणि दिवसातून दहा वेळा तिची पावलं खिडकीकडे वळत होती.

नवव्या दिवशी तो आला. काखेत कोट. आक्काचा चेहरा उतरला. आला, पण कशासाठी ते दिसतच होतं.

"काजं मी करून बघितली," तो दारातूनच म्हणाला. "गिऱ्हाईक विचारतं, उंदराने कुरतडलीत का?"

आक्काला हसू आलं. हात आपोआप कोटाकडे गेला होता, तो तिने मागे घेतला. मग ती म्हणाली,

"आज नाही जमणार. आज मी काही करणार नाहीये."

आता हा पाठ फिरवणार, असं ती धरूनच चालली होती. भावाने कोट दाराच्या कडीला अडकवला आणि चपला काढल्या.

"राहू दे तो. मी जरा बसू का? तू नाहीस तर दुकानात करमत नाही गं."

आक्काने सरकून त्याला जागा करून दिली.