माझ्या मुलीचे हक्कसोडपत्र

"वाजवणं तुमच्या हाडातच हाय. त्याला नाव कशाला पाह्यजे रे?"

बसवकल्याणच्या तालुका कचेरीसमोर, माझ्याच टेबलावर कोपर टेकून, सरकारी कामांची कंत्राटे घेणारे गुत्तेदार हे बोलले. रांगेतले चौघे हसले. मीही हसलो. ते हसणे येथे नमूद करतो. लपविण्याचा अधिकार मला नाही.

मी सातवी शिकलेला अर्जनवीस आहे. कन्नड असो वा मराठी, माझा मसुदा वकीलसुद्धा खोडत नाहीत. माझ्या आजोबांनी बौद्ध झाल्यावर गावकीची हलगी कायमची टाकली. गुत्तेदारांना ते ठाऊक होते. म्हणूनच ते वाक्य.

माझी मुलगी हिप-हॉप गाण्यांची निर्माती आहे. गाणारे वेगळे असतात. गाण्याखालचा ठेका बांधणे, सूर जोडणे, गाणाऱ्याचा श्वास कोठे ठेवायचा, कोठे कापायचा हे ठरविणे, हे तिचे काम. मागच्या खोलीत भिंतींना वाकळा ठोकून ती सात वर्षे हेच करते आहे. भालकीचे, आळंदचे, उमरग्याचे गाणारे तिच्याकडे येतात. गुत्तेदारांचे चिरंजीवही आले. गाणे गाजले. निर्माता म्हणून त्यांनी स्वतःचेच नाव लावले. आता गाणे विकत घेणाऱ्या मुंबईच्या कंपनीला तसा कागद हवा होता.

"पोरीचं हक्कसोडपत्र लिही," गुत्तेदार म्हणाले. "शेतीचं लिहितोस तसंच."

मी कन्नडात लिहिले. बहिणींनी भावांसाठी जमीन सोडल्याची शेकडो पत्रे या हाताने लिहिली. हात सवयीने चालला. 'राजीखुशीने, कोणाच्याही दबावाशिवाय.' शेवटी नेहमीची ओळ: 'मजकूर वाचून दाखविला, समजला, मान्य आहे.' मग मुलीला बोलावले आणि सहीची जागा बोटाने दाखविली. सगळ्या बायांना दाखवीत आलो तशीच. वाचून कोणालाच दाखविले नव्हते.

ती बसली नाही.

"वाचून दाखवा की, अप्पा."

"तुला कन्नड येतंय. वाच तूच."

"वाचून दाखविलं म्हणून तुमीच लिवलाव. मग कामून थांबलाव?"

"टाइम कामून खायलीस गं?" गुत्तेदार खेकसले.

मी उभा राहिलो. मोठ्याने, मराठीत वाचू लागलो. 'सदर संगीत मी केलेले नाही...'

तीच ओळ पुन्हा वाचली. एका ठेक्यासाठी तिने घालविलेले पंधरा दिवस मी भिंतीपलीकडून ऐकले होते. 'बंद कर ते' म्हणून ओरडलोही होतो. आता कोणी हसत नव्हते. रांगेतली एक म्हातारी पुढे आली.

"माझ्या कागदात बी असंच लिवलाव का वो, अण्णा?"

मी पेनाला टोपण लावले. "हा दस्त खोटा आहे. दस्त लिहिणारा म्हणून माझी सही मिळणार नाही."

"उद्या इथं टेबल लावून दाखव," गुत्तेदार म्हणाले.

दुसऱ्या दिवशी टेबल आवाराबाहेर फेकलेले होते. मी ते रस्त्याकडेलाच मांडले. तेथून कंपनीला पहिले पत्र गेले, मुलीच्या मूळ ध्वनिमुद्रणांसह. खाली सही तिची: निर्माती. उत्तर नाही. दुसरे लिहिले आहे. तिसरेही लिहीन.

आणि ज्या बायांना मी नुसते बोट दाखविले, त्यांची गावे मला पाठ आहेत. खजुरी. भालकीकडचे मेहकर. प्रत्येकीच्या दारात उभा राहून मी लिहिलेले वाचून दाखवीन. त्या शिव्या घालतील. ऐकून घेईन आणि पुढची ओळ वाचीन.