बॉयलरवाल्याचं बारीक काम

कारखान्यात ह्यांना सगळे बॉयलर म्हणायचे. एक तर सत्तावीस वर्षं बॉयलरच्या जाड पत्र्यांचं वेल्डिंग केलं म्हणून, आणि दुसरं म्हणजे तापायला वेळ लागत नाही म्हणून. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी आपापले डबे आणि चपला घरी नेल्या. आमच्या ह्यांनी वेल्डिंगचं जुनं मशीन आणलं. चार माणसं लावून जिन्यावरून चढवलं आणि ठेवलं कुठे, तर स्वयंपाकघरामागच्या माझ्या बाल्कनीत. तेव्हापासून कपडे वाळत घालायचे म्हणजे मला त्या धुडावरून ओणवं व्हावं लागतं.

अकरा महिने नवरा घरात बसून असणं म्हणजे काय, ते जिचं तिलाच ठाऊक. चहा कसा गाळायचा, फडकं कसं पिळायचं, सगळं मला नव्याने शिकवून झालं. कढईच्या कडीला टिचकी मारायची, कान लावायचा आणि म्हणायचं, "ही सुटणार." अहो, वीस वर्षं सुटली नाही ती कडी! पण बोलायची सोय नाही. मी अगदी हात टेकले होते.

चिडत होते खरी, पण मला दिसत का नव्हतं? हे काम मागायला तीन वर्कशॉपांत जाऊन आले. तिन्हीकडे पोरसवदा मालकांनी "मामा, आता आराम करा" म्हणून परत पाठवलं. त्रेपन्नाव्या वर्षी कसला आराम! मग हे कोपऱ्यावर उभे राहायचेच बंद झाले. कारण तिथे कुणी ना कुणी विचारणारच, "सध्या काय चाललंय?" आणि ह्यांच्याकडे सांगायला काही नसायचं. एक काम मिळालं असतं, कसलंही, "मी वेल्डर आहे" असं म्हणता येण्याजोगं, तर माणूस पुन्हा माणसात आला असता. माझं सगळं लक्ष तेवढ्याकडेच लागलेलं.

आणि आलं की चालून. दोन गल्ल्या सोडून एक बाई दिव्यांच्या छत्र्या बनवतात. त्यांचा सांगाडे जोडणारा माणूस काम सोडून गेला होता. सांगाडा म्हणजे वर बांगडीएवढी एक कडी, खाली ताटाएवढी दुसरी आणि मध्ये चार उभ्या तारा. एकूण आठ जोड. तारा अगदी बारीक. बाईंनी वीस सांगाड्यांचं सामान दिलं आणि म्हणाल्या, "शनिवारी अकरा वाजता मला बारा चांगले नमुने दाखवा. जोड दिसायला नको आणि सुटायला नको. पसंत पडले तर वर्षभर घरबसल्या काम देते."

"हे एवढंसं?" पिशवीत डोकावून हे म्हणाले. "हा तर डाव्या हाताचा खेळ."

सोमवारी डाव्या हाताचा खेळ सुरू झाला. तोंडाला शील्ड, हातात कोपरापर्यंत मोजे, असा सगळा थाट. बॉयलर जोडायचा असल्यासारखे ऐटीत उभे राहिले, रॉड टेकवला, आणि तार गायब! वितळून थेंब झाला आणि फरशीवर पडला. दुसरी तार, तेच. करंट कमी केला तर रॉडच तारेला चिकटून बसला. तो ओढून काढताना अख्खी कडी वाकडी. तेवढ्यात फ्यूज उडाला आणि खालच्या मजल्यावरच्या काकू जिना चढून वर आल्या. "काय हो, घरात वीज पाडताय का?" त्यांचा मिक्सर मध्येच बंद पडला होता.

संध्याकाळपर्यंत पाच सांगाड्यांची वाट लागली. चूक कोणाची? तारेची!

"ही तार आहे की दोरा?" ओरडले माझ्यावर, जशी काही मीच ती पिळून बारीक केली होती.

"अहो, जाड पत्र्याची रीत हिला कशी चालेल?" मी म्हटलं.

"मला शिकवू नकोस."

मंगळवारी गॅसचं वेल्डिंग करायचं डोक्यात आलं. पण मोठी नळकांडी घरात आणायची म्हटल्यावर घरमालकांनी साफ नाही सांगितलं, आणि मी मनातल्या मनात त्यांना हात जोडले. मग हातात धरायची छोटी टॉर्च आली. पितळ वितळवून डाग द्यायचा. यात तार वितळत नाही, फक्त तापते आणि पितळ सांध्यात उतरतं. कल्पना चांगली होती, नाही कशाला म्हणू? पण ह्यांचा हात पडला बॉयलरचा. लाल झाल्याशिवाय तापलं असं ह्यांना वाटतच नाही. कडीने अंग वेडंवाकडं केलं. बरं, दोन जोड इतके जवळ, की दुसऱ्याला डाग द्यायला जावं तर पहिला सुटून खाली. बुधवारी दुपारपर्यंत आणखी तीन सांगाडे गेले. त्यातला एक उभा राहिला म्हणायचा, पण आठही जोडांवर गोगलगायी बसल्यासारखे पिवळे गोळे, आणि त्या एकाला लागले दोन तास.

"मग साधं कथलाचं सोल्डरिंग करा," मी सुचवलं.

"दिव्याच्या उष्णतेने मऊ पडेल. एक दिवस छत्री कुणाच्या तरी डोक्यात येईल."

हे मात्र बरोबर होतं. कामातलं कळतं हो ह्यांना, रागाच्या भरातही कळतं. म्हणूनच जास्त जीव जळतो.

उरले बारा. एकही वाया घालवायला जागा नाही. मी लसूण सोलता सोलता शेवटी बोललेच, "अहो, स्पॉट वेल्डिंग का नाही करत? अशा तारांना तेच लागतं."

ह्यांनी असं नाक मुरडलं, जणू कुणी ताटात खडा वाढला. "ते काय वेल्डिंग आहे? दोन तांब्याच्या टोकांत तार धरायची, पायाने दाबायचं, संपलं! त्यात माणसाचा हात कुठे आला?"

"लग्नाआधी अडीच वर्षं मी तारेच्या टोपल्यांच्या कारखान्यात तेच केलंय."

"माहीत आहे. दाबायचं काम."

आता मात्र माझं पित्त खवळलं. कारण मला बघायला आले होते तेव्हाही अगदी हेच दोन शब्द म्हणाले होते, माझ्या वडिलांसमोर. "मुलगी वेल्डिंग करते" असं बाबांनी कौतुकाने सांगितलं आणि ह्यांनी हसून म्हटलं, "दाबायचं काम." सव्वीस वर्षं गिळलेलं सगळं मी त्या दिवशी बाहेर काढलं. दिवसाला हजार जोड मारायचे मी! किती दाबायचं, किती वेळ दाबायचं, तार तेलकट असली तर काय होतं, गंजली असली तर काय होतं, हे काय पायाला आपोआप कळतं? तोंडाचा पट्टा सुटला तो सुटलाच.

ह्यांनी पिशवीतली एक तार उचलून बोटांत फिरवली. मग म्हणाले, "पायाने दाबायचंच असेल तर त्याला मी कशाला हवा?"

मी म्हटलं, "जेवायला बसा."

गुरुवारी मी एकटीच जुन्या मशीनच्या दुकानात गेले आणि टेबलावर ठेवायचं, पायाने दाबायचं छोटं स्पॉट मशीन भाड्याने आणलं. दुकानदार म्हणाला, "साहेब नाही आले?" म्हटलं, "साहेब घरी तारा वितळवतायत."

शुक्रवारी सकाळी बसले. आधी वाया गेलेल्या तारांचे तुकडे घेऊन अंदाज घेतला. वेळ कमी ठेवला की जोड बोटानेच सुटायचा. जास्त ठेवला की चर्रकन ठिणगी आणि तारेला खड्डा. पंधरा-वीस तुकडे फुकट गेले, मग एकदा असा जोड बसला की मला हसूच आलं. पाय विसरला नव्हता! प्रत्येक तारेचं टोक पॉलिश पेपरने घासलं, सामान हलू नये म्हणून फळीवर खिळे ठोकून साचा केला आणि लागले कामाला. धरा, दाबा, मोजा, सोडा. हे बाहेरच्या खोलीत पेपर उघडून बसले होते. पाणी प्यायला उठले की मी बघायचे, पान तेच.

दिवेलागणीला बारा सांगाडे टेबलावर ओळीने उभे होते. शहाण्णव जोड. ह्यांनी एक उचलला, फिरवला, चष्मा वर करून डोळ्याशी नेला आणि ठेवून दिला.

शनिवारी साडेनऊला मी आंघोळ करून केस पुसत होते, तर बाल्कनीतून आवाज. ठाण! ठाण! पळत गेले. हे टेबलाला बसवलेल्या पोलादी पकडीत सांगाडा आवळून हातोडीने तारा मागे वळवून वळवून तोडत होते. खाली मोडतोडीचा ढीग.

"अहो! हे काय करताय!"

"तपासतोय. तोडून पाहिल्याशिवाय आमच्याकडून जोड बाहेर गेला नाही कधी."

हे खरं आहे. बॉयलरच्या कामात नमुन्याचा एक तुकडा जोडून तो मुद्दाम तोडून बघतात. पण एक! मी ढीग मोजला. अकरा. आणि बारावा पकडीत होता.

"एक तोडायचा ना! सगळे कशाला?"

ह्यांची हातोडी नुसती हातात. मी खाली बसले, तुकडे उचलायला लागले आणि माझ्या लक्षात आलं. प्रत्येक तुकड्यात तार तुटली होती. जोड जागच्या जागी. पहिला सुटला नाही म्हणून दुसरा तोडला, दुसरा सुटला नाही म्हणून तिसरा. एक तरी सुटेल, एक तरी कच्चा निघेल, म्हणून हा माणूस सकाळपासून हातोडी चालवत होता.

मी रडले. रागाने रडले, दुसरं काही नाही. "तुम्हाला काम हवंय की मी चुकायला हवीये?" असं ओरडले, ते खालच्या काकूंनाही ऐकू गेलं असणार. ह्यांनी बाराव्याची पकड सैल केली. तोही वाकला होताच. मग सगळे तुकडे एकेक करून पिशवीत भरले, शर्ट बदलला आणि म्हणाले, "चल. अकरा वाजतील."

दिवेवाल्या बाईंनी पिशवी टेबलावर ओतली आणि आ वासला. "हे काय? मी सांगाडे मागितले होते."

"तोडलेत," हे म्हणाले. "बघा, तार तुटली आहे. जोड एकही सुटलेला नाही. शहाण्णवातला एकही नाही."

बाईंनी चार-पाच तुकडे उजेडात धरले, नखाने खरवडले, पक्कडीने ओढून बघितले. हसल्या. "असले नमुने कोणी आणले नव्हते मला. जोड कोणी मारले?"

मला वाटलं, आता हे "मी" म्हणणार. म्हटलं तर म्हणू दे, असंही वाटलं. अकरा महिन्यांनी कुणीतरी त्यांना कामाचं विचारत होतं.

"हिने," हे म्हणाले. "मी फक्त तोडले."

मी तेव्हा "दोघांनी मिळून केले" असं म्हणायला हवं होतं. जिभेवर आलं होतं. पण सकाळचा राग उतरला नव्हता, आणि खरं सांगायचं तर, ते "हिने" मला अजून थोडा वेळ ऐकायचं होतं. बाईंनी वही ओढली, माझं नाव लिहिलं, दोनशे सांगाड्यांचं सामान काढून दिलं आणि म्हणाल्या, "यापुढे तुम्हीच येत जा, यांना कशाला त्रास."

सामानाच्या दोन्ही जड पिशव्या ह्यांनी उचलल्या. मी एक मागितली, दिली नाही. कोपऱ्यावर नेहमीची माणसं उभी होती. हे खाली मान घालून पुढे गेले. आमची गल्ली आली तसे थांबले, पिशव्या खाली ठेवल्या, हात झटकले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "दोनशे म्हणजे बरेच झाले. तपासायला माणूस लागेल ना तुला?"

"लागेल," मी म्हटलं. "पण शंभरात एकच तोडायचा. मी सांगेन तोच."

"बरं," म्हणाले आणि पिशव्या उचलून चालायला लागले.

सव्वीस वर्षांत ह्या माणसाने वाद न घालता माझं ऐकलंय असं कधी झालं नव्हतं. ज्या दिवशी ऐकेल त्या दिवशी मला किती आनंद होईल, असं मी कितीदा तरी मनात म्हटलं होतं. जिना चढताना त्यांच्या पाठीकडे बघत होते मी. नाही झाला.