मनमाडहून रोज दाबली जाणारी जाहिरात

ती घटना आजही आठवली की मी बसल्या जागी चुळबुळ करायला लागतो. खुनाच्या, दरोड्याच्या तपासानंतर निवांत झोपणारा मी माणूस. या प्रकरणात ना कुणाचं रक्त सांडलं, ना कुठलं कुलूप फुटलं. तरीही ते मनातून जात नाही.

नाशकात मी तेव्हा पोलीस निरीक्षक होतो. दोन हजार सालानंतरचा काळ. ठाण्यात नवा संगणक आला होता आणि धूळ बसू नये म्हणून आम्ही तो बहुतेक वेळ झाकूनच ठेवायचो. एका सकाळी हजेरी आटोपून मी स्टेशन डायरी चाळत होतो, तेव्हा तिशीतल्या एक बाई आल्या. पूर्वी दवाखान्यात नर्स होत्या. आता गंगापूर रोडवर त्यांचा ब्युरो होता. घरी आजारी माणूस असेल तिथे त्या नर्स आणि आया पुरवायच्या. पेठ, सुरगाणा तालुक्यांतून आलेल्या दहा-बारा बायकांची पोटं त्यावर चालत होती.

"साहेब, माझी जाहिरात कोणीतरी रोज सकाळी संपवून टाकतंय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, भिंतीवरचं पोस्टर कोणी फाडतंय. तसं बोलूनही दाखवलं. बाई चिडल्या नाहीत, हे त्यांचे उपकार.

"भिंतीवरची नाही, इंटरनेटवरची. कोणी 'नाशिक, घरी नर्स' असं शोधलं की वर माझ्या ब्युरोची ओळ दिसते. नुसती दिसली तर पैसे नाहीत. त्या ओळीवर क्लिक केलं की आमची साइट उघडते आणि माझे पैसे कापले जातात. दिवसाची मर्यादा मी ठरवून दिलीय. ती संपली की ओळ गायब. दीड महिना झाला, सकाळी दहाच्या आत सगळं संपतं आणि फोन एकही येत नाही. मग दिवसभर ज्याला खरी गरज आहे, त्याला मी दिसतच नाही."

"मर्यादा वाढवा."

"वाढवून बघितली. तेवढीही संपली." बोलताना त्या हातातली किल्ली सारखी फिरवत होत्या. "चार बायका गावी परत गेल्या, साहेब. अजून महिनाभर असंच चाललं तर शटर ओढावं लागेल."

कुणावर संशय आहे का, हे विचारायची वेळच आली नाही. त्यांनी आपणहून जुन्या भागीदाराचं नाव घेतलं. भांडून वेगळा झालेला, त्याच रस्त्यावर तसाच ब्युरो काढलेला. यांची ओळ गेली की त्याची ओळ वर यायची. खरं सांगतो, माझ्या मनात तपास तिथेच संपला. पुढचे दिवस मी फक्त पुरावा शोधत होतो.

बाईंच्या जाहिरातीचं काम एक पन्नाशीचे गृहस्थ बघायचे. पूर्वी टायपिंगचा क्लास चालवायचे, मग काळ ओळखून याच्यात शिरले. त्यांनी साइटच्या नोंदींचे कागद टेबलावर पसरले. सकाळच्या क्लिक्स बहुतेक एकाच जोडणीवरून आलेल्या. आम्ही इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला पत्र दिलं. उत्तर यायला आठवडा लागला. त्या आठवड्यात बाई रोज फोन करायच्या, "आज साडेनऊलाच गेली, साहेब," आणि मी केबिनमध्ये येरझाऱ्या घालायचो. चोर रोज ठरल्या वेळी चोरी करतोय, फिर्यादी रोज वेळ सांगतेय आणि मी टपालाची वाट बघतोय!

उत्तर आलं. जोडणी मनमाडच्या एका सायबर कॅफेची होती. आणि भागीदाराची सासुरवाडी मनमाडचीच.

मी त्याला बोलावून घेतलं. सकाळी अकरापासून संध्याकाळपर्यंत ठाण्याच्या बाकावर बसवून ठेवलं. मध्ये दोनदा आत घेतलं, टेबलावर हात आपटला.

"मनमाडला कुणाकरवी दाबून घेतोस?"

"साहेब, सासरे तिथं राहतात एवढंच. मी असलं काही केलं नाही."

"तिची जाहिरात गेली की फायदा कुणाचा?"

"माझा. पण म्हणून मीच केलं असं होतं का?"

दुपारी त्याची बायको डबा घेऊन आली. नवऱ्याला त्या बाकावर बघून ती डबा ठेवून तशीच परत फिरली. त्यानं तो उघडला नाही. त्या वेळी मला ते अपराध्याचं लक्षण वाटलं.

दुसऱ्या दिवशी हवालदाराला घेऊन मी मनमाड गाठलं. कॅफे स्टेशनपासून जवळच. सहा संगणक, मध्ये प्लायवुडच्या फळ्या. आम्हा पोलिसांच्याच आदेशानं तेव्हा प्रत्येक कॅफेत रजिस्टर असायचं. नाव, ओळखपत्र, वेळ, कामाचं स्वरूप आणि सही. मी दोन महिन्यांची पानं उलटली. भागीदाराचं नाव नाही, त्याच्या सासऱ्यांचं नाही. नोकरीचे अर्ज, रेल्वेचं आरक्षण, परीक्षेचा निकाल, असलीच कामं. रेल्वेतले एक निवृत्त गार्ड रोज नऊ वाजता यायचे, वळणदार अक्षरात 'मुलीस भेटणे' असं लिहायचे. मुलं अमेरिकेत, आईवडील कॅफेतल्या कॅमेऱ्यासमोर, हे तेव्हा घरोघरी होतं. मी पान उलटलं.

परत आलो तेव्हा पारा चढलेला होता. टायपिंगवाले गृहस्थ म्हणाले, "त्या कॅफेत जाहिरात दिसूच नये अशी सोय करता येते. ती जोडणी वगळून टाकतो. तुमची कटकट मिटेल."

"वगळा," मी म्हणालो, "पण उद्या सकाळी मी तिथं बसणार. डाव फसला की माणसाचा चेहरा बोलतो."

सकाळी साध्या कपड्यात आम्ही दोघं कॅफेत बसलो. मला संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी माउस धरून बसलो होतो. नऊ वाजता ते निवृत्त गार्ड आले, पांढरा सदरा, इस्त्रीची पँट. मागोमाग त्यांच्याच वयाचे चौघे. पाच जण पाच संगणकांवर बसले. माझी नजर दारावर, भागीदाराचा माणूस कधी येतो याच्याकडे.

"अरे, हिची ओळ कुठं गेली?" गार्ड एकदम मोठ्यानं म्हणाले.

"माझ्याकडं बी नाय दिसत," पलीकडून आवाज आला.

"नीट टाक की. नाशिक, नर्स, घरी."

"टाकलं ना राव. दुसऱ्याचीच येती."

मी हवालदाराच्या गुडघ्यावर हात ठेवला. गार्डांनी तीनदा टाइप केलं. मग कॅफेवाल्याला हाक मारली, त्याच्याकडून करून घेतलं. चेहरा उतरत चालला होता. शेवटी ते उठले, चष्मा खिशात घालायला गेले तर खिसा सापडेना.

"बंद पडलं वाटतं पोरीचं. नाशिकला आत्ता गाडी कोणती हाय रे?"

तिथे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जो तिचं वाईट व्हावं म्हणून दाबत होता, त्यानं जाहिरात गेल्यावर खूश व्हायला हवं होतं. हा माणूस गाडी विचारत होता.

मी ओळख दिली. ते घाबरले नाहीत. "साहेब, बरं झालं भेटलात. माझ्या लेकीचा ब्युरो हाय नाशिकला. बंद झाला का, तेवढं सांगा."

सगळं बाहेर आलं. लेकीनं मर्जीनं लग्न केलं, हे लग्नाला गेले नाहीत. चार वर्षं बोलणं नाही. मोठ्या भावासाठी नर्स शोधताना कॅफेवाल्यानं ही ओळ काढून दिली, क्लिक केलं आणि साइटवर लेकीचा फोटो आला. तेव्हापासून रोज. कोणीतरी सांगितलं होतं की जास्त लोकांनी दाबलं की जाहिरात वर चढते. म्हणून ते रेल्वेतले मित्र घेऊन यायचे. मन भरेपर्यंत पुन्हा पुन्हा दाबायचे.

जीपमध्ये मी त्यांना पैशाचा हिशोब समजावला. चांदवड मागे पडेपर्यंत ते बोटांवर दिवस मोजत होते. मग म्हणाले, "म्हंजे मीच बुडवलं तिला."

बाईंना मी फोनवर काही सांगितलं नव्हतं. वडिलांना दारात बघून त्या उभ्या राहिल्या. मी दोन वाक्यांत काय ते सांगितलं. बाईंचा आवाज चढला.

"चार बायका गेल्या, बाबा. घरी पोरं आहेत त्यांची."

"मला वाटलं, गिऱ्हाईक वाढतंय तुझं."

"एक फोन करायचा होता ना! नंबर तर फोटोच्या खालीच आहे."

"तू उचलला असतास आन् काय बोलायचं ते मला सुचलं नसतं."

त्यांनी टेबलाचा खण उघडला. मग एका कागदावर साइटचं नाव लिहिलं. "हे सरळ टाका. याला पैसे पडत नाहीत." कागद पुढे केला, परत घेतला, आणि मागच्या बाजूला घराचा पत्ता लिहिला. मी आणि हवालदार बाहेर जाऊन जीपला टेकून उभे राहिलो. तक्रार अर्ज त्यांनी दुसऱ्या दिवशी मागे घेतला.

भागीदाराकडे मी स्वतः गेलो, माफी मागितली. तो म्हणाला, "माझं ठीक आहे साहेब. बायकोनं मला त्या बाकावर बघितलं, तिचं काय?" मी त्याच्या घरी जाऊन तिलाही सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, बसा म्हणाली नाही. बरोबरच केलं.

पुढच्या नोकरीत मी एक गोष्ट पाळली. फिर्यादीनं सांगितलेलं नाव आधी बाजूला ठेवायचं, आणि कोणाचा फायदा याच्याबरोबर कोणाची माया हेही विचारायचं. नव्या पोरांना हेच शिकवलं. पण खरी बोच वेगळीच आहे. मी दिवसभर एका निरपराध माणसाकडून सत्य काढू पाहत होतो, आणि दुसऱ्या माणसानं ते कुणी न विचारता रोज सकाळी, आमच्याच आदेशाच्या रजिस्टरमध्ये, सहीनिशी लिहून ठेवलं होतं. मुलीस भेटणे. मी ते वाचलं होतं.