लहानूकाकांनी सोडलेली जागा

लग्नाचं शूटिंग करताना लहानूकाका मंडपातल्या माणसांना दाटीवाटीनं उभं करत आणि एका बाजूला माणसाएवढी जागा मोकळी सोडत. कोणी हौशी तिथे घुसला, की कॅमेऱ्यामागून ओरड यायची, "सरका जरा! ती जागा राहू द्या. आवतण त्यांनाबी दिलंय." आमच्याकडे लग्नाचं आवतण घरातल्या गेलेल्यांनाही असतं. बोलावलं तर उभं राहायला जागा नको का, एवढंच काकांचं म्हणणं.

मूळचे जामसरचे. जव्हारला एसटी डेपोजवळ त्यांचा छोटा स्टुडिओ होता. माझ्या लग्नाची कॅसेट त्यांच्याचकडे होती आणि तिच्यात माझी आई होती, हसणारी, बोलणारी. आई गेल्यावर तिचा आवाज दुसरीकडे कुठेच उरला नव्हता. म्हणून मी ती पेनड्राइव्हवर भरून मागितली. काकांनी फीत पाहून मान हलवली. "बुरशी धरलीय, मास्तर. एकदाच वाजंल. वाजंल तवाच भरून घ्याया पायजे."

नेमका तेव्हाच त्यांचा जुना संगणक गेला. नव्यात नवी विंडोज, आणि व्हिडिओ भरून घ्यायचं जुनं कार्ड तिला ओळखेचना. कंपनीनं त्या कार्डाचा नवा ड्रायव्हर काढलाच नव्हता.

"नवी सून हाय, जुन्या सासऱ्याला वळखत नाय," काका म्हणाले. "ड्रायव्हर म्हंजे दुभाषा, मास्तर. तो नसंल तं दोघं समोरासमोर बसून मुकेच."

जुन्या विंडोजवर चालणारी ड्रायव्हरची सीडी होती; पण काकांनी ती निकामी सीड्यांबरोबर पाखरं हाकलायला नाचणीच्या शेतात टांगलेली! मी गेलो तेव्हा ते वाऱ्यावर गरगरणारी एकेक सीडी धरून नाव वाचत होते. सापडली, पण उन्हापावसानं तिची पार वाट लागलेली. काका बांधावर बसले. "तुमच्या आईला म्या पाखरांपुढं टांगलं." मला त्यांच्यावर रागावताही आलं नाही.

त्यानंतर कधीही जावं, तर काका इंटरनेटवर ड्रायव्हर शोधत बसलेले. "आज वळखंल बघा," म्हणायचे. एक दिवस त्याच खुर्चीत गेले.

पुढे मोखाड्यातल्या एका बंद पडलेल्या स्टुडिओत मला तसलंच कार्ड बसवलेला, जुन्या विंडोजचा संगणक मिळाला. तो काकांच्या स्टुडिओत आणून जोडला. काकांच्या बायको, रत्नाकाकी, माझ्याशेजारी बाकावर बसल्या. भरून घेणं सुरू करून मी कॅसेट लावली.

आधी पडद्यावर नुसत्या मुंग्या. मग मंडप, मग आई. ती काहीतरी सांगत आली आणि नेमकी मोकळ्या जागेत उभी राहिली.

"सरका जरा! ती जागा राहू द्या."

"सरकते हो बाबा," म्हणत आई हसली आणि सरकली.

एवढी लग्नं टिपली, पण काका स्वतः कुठल्याच कॅसेटमध्ये दिसत नाहीत. नुसता आवाज. खरं सांगतो, मला भीती वाटली. आणि तो आवाज थांबू नये असंही वाटलं. काकी बाकावर माझ्याकडे सरकल्या, आणि त्यांच्या पलीकडे माणसाएवढी जागा मोकळी झाली.