दीड वीत नळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, देवालाही नाही — म्हणजे देवासमोर उभा राहिलो, पण भलतंच काहीतरी मागून परत आलो. मग तुम्हालाच का सांगतोय? मलाही नीट ठाऊक नाही. दसरा जवळ आला की माझी झोप उडते, आणि यंदा ती जरा लवकरच उडालीय.

परभणीत माझं गॅरेज आहे. पेडगावचा दत्ता माझा लहानपणापासूनचा दोस्त. त्याच्या वडिलांची एक जुनी जीप होती. वडील गेले आणि ती गोठ्याशेजारी उभीच राहिली, कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. पण दत्ताच्या आईला, म्हणजे आमच्या सुमनमावशीला, ती विकवेना. मीच म्हणालो, इंजिन बदलू. अपघातात मागून चेपलेल्या एका नव्या मोटारीचं फ्युएल इंजेक्शनचं इंजिन मी शोधून आणलं. असलं काम तोवर कधी केलं नव्हतं — पण परभणीत हे करणारा मीच पहिला, असं सांगत मात्र सुटलो होतो. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग!

तर — नाही, आधी नळीचं सांगतो. जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल निवांत वाहतं, साधी रबरी नळी चालते. इंजेक्शनच्या इंजिनात पंप तेच पेट्रोल जोरानं ढकलतो, तिथं दाब सोसणारी जाड नळी लागते. टाकीपासून मी तीच घातली होती. अगदी शेवटी, इंजिनापाशी, दीड वीत कमी पडली. नांदेडहून मागवायची तर खोळंबा झाला असता, आणि दत्तानं बहिणींना बोलावून दुसऱ्याच दिवशी पोखर्णीला नृसिंहाच्या दर्शनाला जायचं ठरवलेलं. कुठं सांगायचं, माझा अंदाज चुकला म्हणून? जीपचीच जुनी नळी कापली, जोडली, सांध्यावर पत्र्याची पट्टी आवळली.

सकाळी पेडगावला पोचलो तर पेट्रोलचा वास येत होता. हात घालून पाहिलं, पट्टीखाली ओल होती. म्हणजे मला माहीत होतं. हे नीट ऐका — मला माहीत होतं. मी पट्टी आणखी आवळली आणि बोटं पँटला पुसली.

आमच्याकडं नवी गाडी ओवाळल्याशिवाय दारातून हलत नाही. गाडी तर जुनीच होती, म्हणून मावशीला ओवाळायचं होतं ते नवं इंजिन. दत्तानं बॉनेट उघडून धरलं, इंजिन चालू होतं. मावशी ताट घेऊन आली, ताटात कापूर पेटलेला. "मावशी, थांब." एवढंच म्हणायचं होतं. का नाही म्हणालो? कारण मग कुणीतरी विचारलं असतं, का थांब?

भडका उडाला. दत्तानं डाव्या हातानं आईला मागं लोटलं, उजवा हात आगीत सापडला. आम्ही माती टाकून आग विझवली. दत्ताला दवाखान्यात नेताना जो तो विचारत होता, झालं कशानं? माझ्याकडं कुणी बघतही नव्हतं. पण चोराच्या मनात चांदणं — मला वाटलं, सगळे माझ्याकडंच बघतायत. आणि मी बोललो.

"मावशी, ह्या इंजिनाजवळ कापूर आणायचा नसतो."

नळी धड असती तर कापरानं काही झालं नसतं. मावशी रिकाम्या हातांकडं बघत राहिली. "माज्याच हातानं झालं की रं माज्या लेकराचं," म्हणाली. तेव्हा तरी बोलायचं होतं.

जीप मी पुन्हा नीट केली, योग्य नळी घालून, फुकटात. गावानं त्याचंही कौतुक केलं, आणि मी ते ऐकून घेतलं! जीप आजही पळते. दत्ताची बोटं मात्र सरळ होत नाहीत. एवढा बाप्या माणूस, पण मावशी त्याला भाकर कुस्करून ताट पुढं करते. कापूर तिनं त्यानंतर पेटवलेला नाही, देवघरातसुद्धा नाही.

दसऱ्याला जीप धुऊन, झेंडूचा हार घालून दारात उभी असते आणि मला बोलावणं येतं. "तुज्या हाताला यश हाय, लेकरा. तूच ववाळ," म्हणत मावशी ताट माझ्या हातात देते आणि लांब, पार दाराआड जाऊन उभी राहते. मी कापूर पेटवतो, ओवाळतो. तो विझल्याशिवाय ती बाहेर येत नाही. "इजला का रं?" असं तिथूनच विचारते.

"इजला, मावशी," मी म्हणतो.